पार्सलचं भडंग आणि पेठेतलं भडंग

आधीच सांगून टाकते, हा दोन भडंगांचा (म्हणजे लसूण-तिखट लावलेल्या चिरमुऱ्यांचा) रिव्ह्यू आहे. एक ऑनलाइन मागवलेलं, चकचकीत पाकिटातलं, आणि दुसरं सांगलीला जाऊन दुकानाच्या पायरीवर उभं राहून खाल्लेलं. पहिल्याला पाचातले दीड स्टार, त्यातला एक कुरिअरवाल्या पोराला, कारण लिफ्ट बंद होती आणि बिचारा भर पावसात चौथ्या मजल्यावर चढून आला. दुसऱ्याला साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

मी मूळची सांगलीची, खणभागातली. लग्नानंतर पुण्यात, आता सतरा वर्षं झाली. ऑगस्टमध्ये एकदा असा पाऊस लागून राहिला होता, संध्याकाळी चहा झाला आणि एकदम भडंग खावंसं वाटलं. म्हणजे अगदी डोक्यात बसलं ते. इथल्या दुकानात "सांगली भडंग" लिहिलेलं जे मिळतं ते मी दोनतीनदा आणून बघितलंय, तो गोड चिवडा असतो, त्याला भडंग का म्हणायचं ते मला कळलेलं नाही. म्हणून मोबाईलवर शोधून थेट सांगलीच्या पत्त्यावरनं मागवलं. अर्धा किलो २६० रुपये, वर कुरिअरचे ९०. नाव घेत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको, पण पाकिटावर "अस्सल", "पारंपरिक" आणि "आजीच्या हातची चव" हे तिन्ही शब्द होते आणि तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

पाकीट फोडलं आणि पहिला वास आला तो खवट शेंगदाण्याचा. ज्यांना माहितीय त्यांना माहितीय, एकदा तो वास नाकात गेला की चिरमुरे कितीही कुरकुरीत असूदेत, काही उपयोग नाही. शेंगदाण्यात तेल भरपूर, त्याला हवा आणि उष्णता लागत राहिली की ते बिघडतं, आणि पाकीट गोडाऊनला किती दिवस पडून होतं देव जाणे, पॅकिंगची तारीख जिथं छापायची त्या चौकोनात नुसताच एक निळा डाग होता. लसूण म्हणाल तर पावडर. पावडर! भडंगात लसणाची पावडर घालणारा माणूस सांगलीच्या पत्त्यावर राहत असेल, सांगलीचा नसेल. फोन केला तर पलीकडचा म्हणतो मॅडम पावसाळ्यात थोडं मऊ पडतंच. अहो, मी मऊ म्हटलंच नाही, मी खवट म्हटलं. परत करायची सोय नाही, खाद्यपदार्थ आहे म्हणे. नवऱ्यानं त्यात कांदा टोमॅटो घालून दोन दिवस खाल्लं, तो काहीही खातो.

पण खरी गंमत पुढं आहे. मला शंका यायला लागली की भडंग पहिल्यापासून असंच असायचं का काय, आणि माझ्याच डोक्यात ते इतकी वर्षं राहून राहून भारी होत गेलंय का. लहानपणचं सगळंच चवदार लागतं ना. शाळेच्या गेटवरच्या बोरांना पण आपण आता चार स्टार देऊ. म्हणून ठरवलं, संक्रांतीला गेले की शुद्धीवर राहून खायचं. आठवण बाजूला, जीभ पुढं.

जे सांगली-कोल्हापूरकडचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं. भडंग म्हणजे चिवडा नाही आणि भेळ पण नाही. मुंबईत ज्याला कुरमुरे म्हणतात, विदर्भात मुरमुरे, ते आमच्याकडं चिरमुरे, आणि भडंगाला त्यातले जाडे, टपोरे, मूळचेच खारे चिरमुरे लागतात. पातळ पांढरे भेळेचे घेतलेत तर मसाला धरत नाहीत, त्यांचा भुगा होतो. (शब्दाचं लिंग विचारू नका. आमच्या घरात ते भडंग, मावशीच्या घरात ती भडंग, यावरनं दिवाळीत वाद होतात.) बाकी सामान चारचौघांच्या घरात असतंच, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, हळद, तिखट, मीठ, थोडं मेतकूट, चिमूटभर पिठीसाखर. यादी इतकी साधी असल्यामुळंच लोकांना वाटतं कुणीपण करेल.

तर संक्रांतीच्या दोन दिवस आधी गेलो. पेठ नाक्यावरनं आत वळलं की इस्लामपूर, आष्टा आणि सांगली, या रस्त्यावर मी काही बोलणार नाही, ज्यांच्या कमरा गेल्यात त्यांना विचारा. पोचल्यावर चहा घेतला आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गणपती पेठेत. दुकान गणपतीच्या देवळाकडं जाताना एका बोळात आहे, पाटीवरचा रंग उडालाय, नाव वाचता येत नाही आणि आम्ही कधी नावानं ओळखलंपण नाही, आमच्यासाठी ते "बोळातलं". दहा बाय बाराची खोली, अर्धी पोत्यांनी भरलेली. भिंतीवर ऑइलपेंटनं मारलेल्या दोन रेघा आहेत. वरची २०१९, खालची २०२१. महापुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा. वरची रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर. ऑगस्ट २०१९ ला आख्खी पेठ, मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्यात होतं, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि तेव्हा कृष्णा ५७ च्या वर गेली होती. दुकानवाले मामा म्हणाले सगळं गेलं, पोती, काटा, डबे, फक्त कढई चिखलातनं खणून काढली. तीच कढई अजून वापरतात.

आम्ही गेलो तेव्हा नेमका भडंगाचा घाणा चालला होता. हे मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं, लहानपणी आपलं लक्ष पुडीकडं. मामांनी आधी शेंगदाणे तळले, मंद आचेवर, फुटायला लागले की लगेच बाहेर. मग लसूण. सोललेली नाही, पाकळ्या सालासकट खलबत्त्यात नुसत्या दोन ठोके देऊन चेचलेल्या, साल तशीच. त्या तेलात पडल्या आणि बोळाच्या तोंडाशी उभी असलेली एक बाई वळून आत आली, एवढा वास. साल कडेनं तांबूस झाली की कढीपत्ता, ओला राहिलेला असावा, कारण असा तडतडला की माझी पोरगी दोन पावलं मागं. आणि मग मामांनी गॅस बंद केला. मी विचारलं तिखट कधी, तर म्हणाले, "आता. आगीवर टाकलं की काळं पडतं बघा, ठसका लागतो आन् चव कडू. तेल जरा दमू दे." तेल दमू दे! कूकिंगच्या व्हिडिओत असलं कुणी बोलत नाही. दोन मिनिटांनी हळद, तिखट, मीठ त्या दमलेल्या तेलात, रंग एकदम विटकरी झाला, त्यावर चिरमुऱ्यांचं अर्धं पोतं आणि मग दोन मोठे झारे घेऊन खालचं वर, वरचं खाली, परत बारीक आच. मेतकूट आणि पिठीसाखर अगदी शेवटी, वरनं भुरभुरवून.

मी हात पुढं केला तर मामांनी झारा आडवा धरला. "ताई, थांबा. गरम हाय. गार झाल्याबिगर कुरकुरीत लागत न्हाई, मग तुम्ही म्हणणार मऊ हाय." पंधरा मिनिटं थांबवलं मला. माझ्या वयाचा विचार केला नाही.

त्या पंधरा मिनिटांत अण्णांनी नेहमीचं काम केलं. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, पस्तीस वर्षं, त्यामुळं जगातली कुठलीही पिवळी वस्तू दिसली की तपासायची. बोटाच्या चिमटीत चार चिरमुरे चोळले, नख उजेडात धरलं आणि म्हणाले, "हळद बरी आहे." हे त्यांचं सर्वात मोठं कौतुक. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापण ते "बरं झालं" एवढंच बोलले होते. पूर्वी सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं असायची, त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवायचे, भुंगा नाही की कीड नाही, २००५ च्या पुरात त्यातली बरीच पाण्याखाली गेली. अण्णा ते सगळं मामांना सांगत होते आणि मामा ते सगळं आधीच माहिती असल्यासारखे मान हलवत होते.

आता चव. शुद्धीवर राहून सांगते. पहिला घास तोंडात गेला तेव्हा आधी कुरकुर, मग मीठ, मग तिखट जिभेच्या कडेला, आणि सगळ्यात शेवटी, चावून संपत आलं की लसूण. हा क्रम महत्त्वाचा आहे. पार्सलच्या भडंगात लसणाची पावडर पहिल्याच क्षणाला नाकात शिरते आणि मग मागं काही उरत नाही. इथं मधेच एखादी पाकळी लागते, साल कागदासारखी झालेली, आतला लसूण मऊ आणि किंचित गोडसर, ती सालीसकट खायची. शेंगदाणा दाताखाली फुटतो, चिवट नाही. साखर आहे हे कळत नाही, काढली तर कळेल. म्हणजे मी वेडी नव्हते. एवढ्यावरच मी चार स्टार देऊन टाकले.

वरचा अर्धा स्टार ओल्या भडंगाचा. ३० रुपये प्लेट. स्टीलच्या पातेल्यात दोन मुठी भडंग, बारीक कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, अर्धं लिंबू आणि वरनं कच्च्या शेंगतेलाची धार. चिंचेचं पाणी नाही, शेव नाही, बटाटा तर नाहीच नाही. मामा ते पातेलं हातात धरून मनगटानं तीन झटके देतात आणि तुमच्या हातात. आता घड्याळ लावा. पाच मिनिटं, फार तर सात. कांद्याला पाणी सुटतं, चिरमुरे ते पितात आणि मग जे राहतं ते वेगळंच काहीतरी असतं. म्हणून ओलं भडंग खाताना बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही. माझ्या नवऱ्यानं फोटो काढला, दोन अँगलनं, आणि मग म्हणाला थोडं मऊ आहे.

आमच्या लहानपणी ते पेपरच्या तुकड्यात मिळायचं, तेलानं अक्षरं पारदर्शक व्हायची आणि पलीकडच्या पानावरची बातमी उलटी दिसायची. आता मामा कागदी द्रोण देतात. छापील पेपरात खायचं देऊ नका असं एफएसएसएआयनं (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेनं) सांगून ठेवलंय, शाईत नको नको ती द्रव्यं असतात, तेव्हा बदल चांगलाच आहे, पण मी त्या पेपरच्या तुकड्यांवर वाचायला शिकले असं अण्णा अजून सांगतात. भावे नाट्यमंदिरात नाटकाला जाताना आई अशाच दोन पुड्या पर्समध्ये टाकायची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं ते सांगलीत, म्हणून आम्ही नाट्यपंढरी वगैरे, पण नाट्यपंढरीत नायिका रडत असताना मागच्या रांगेतनं कुरूमकुरूम आवाज येतो तो आमच्या घरचा असायचा. आई दातानं न चावता जिभेवर ठेवून विरघळवायला सांगायची. शेंगदाणा कसा विरघळवायचा?

बाकी खाणं पटकन सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर कटवडा खाल्ला, वडा मोठा, कट (तिखट रस्सा) लाल, सोबत स्लाइस ब्रेड, पाव नाही. कट जरा पाणचट होता आणि तर्री वेगळी मागितली तर तोंड वाकडं केलं. तीन स्टार, परत जाणार नाही. नरसोबाच्या वाडीला दर्शन, बासुंदी आणि कवठाची बर्फी. वाडी तशी कोल्हापूर जिल्ह्यात, पण आम्ही ती आमचीच धरतो. कवठाची बर्फी थंडीतच खावी, आंबटगोड आणि थोडी रवाळ, पोरीला आवडली नाही, तिचा वाटा मी खाल्ला. आणि घरी काकूनं भरीत केलं, कृष्णाकाठचं वांगं, हिरवट, पांढऱ्या रेघांचं, चुलीत भाजलेलं, वर कच्चा कांदा आणि शेंगतेल, सोबत शाळूची भाकरी. याला मी स्टार देणार नाही. काकू हे वाचते.

आता अर्धा स्टार कापल्याचा हिशोब. दुकान दुपारी एक ते चार बंद, आणि चार म्हणजे मामांचे चार, घड्याळाचे नाही. बसायला एक बाकडं, त्यावर तेलाचे डबे. क्यूआर कोड लावलाय पण तो पुतण्याच्या खात्याचा, पुतण्याला मेसेज आला की तो फोन करून सांगणार आणि मगच पुडी हातात, पुतण्या झोपला होता. पाव किलो ७० रुपये आहे, भाव माझ्या मते चोख, पण काटा तराजूचाच आणि मामा वरनं मूठभर टाकतात ती मूठ माणूस बघून. अण्णांना मोठी मूठ, आमच्या मागच्या पोराला छोटी. पार्सलची पिशवी साधी, गाठ मारलेली. घरपोच? विचारलं मी. मामा म्हणाले, "कुरिअरनं पाठवलं एकदोनदा. लोक फोन करून शिव्या द्यायला लागले. त्यापेक्षा तुम्हीच या की." मला पार्सलवाल्याचा फोन आठवला आणि मी गप्प बसले.

आणि एक गोष्ट, प्रामाणिकपणे. बोळातनं बाहेर पडताना अण्णा हळूच म्हणाले, "पूर्वीसारखं राहिलं नाही." मी थांबलेच. म्हटलं अहो, हेच तर पूर्वीचं आहे, मी हेच खात होते. तर म्हणाले तू खाल्लंस ते ह्याचं, मी ह्याच्या बापाच्या हातचं खाल्लंय, तो लसूण दुप्पट घालायचा आणि तेल घाण्यावरचं असायचं. आता यावर काय बोलणार. मी मागं जाऊन मामांना विचारलं, खरं का हो? मामा हसले. म्हणाले खरंय, पण वडील सांगायचे की आजोबांचं ह्याहून भारी होतं. म्हणजे असं मागं मागं जात राहिलं तर पहिलं भडंग पाच स्टारच्याही वर असणार, फक्त ते खाल्लेला माणूस शिल्लक नाही.

ज्यांना न्यायचंय त्यांच्यासाठी, मी यावेळी एक किलो आणलं आणि मुद्दाम लक्ष ठेवलं. पिशवीतनं लगेच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं, डबा पूर्ण कोरडा, आणि मोठा एक डबा करण्यापेक्षा छोटे तीन. एकाच डब्यात रोज हात गेला की रोज हवा आत जाते, चिरमुरा म्हणजे सगळा पोकळ, ओल लगेच ओढतो. दुसऱ्या दिवशी सांगलीत होतं तसंच. पाचव्या दिवशी कुरकुर शाबूत पण लसूण मागं सरकला. नवव्या दिवशी उघडलेल्या डब्यातलं खाली बसलं, कढईत मंद आचेवर दोन मिनिटं हलवलं की परत उठलं, न उघडलेला डबा मात्र पंधराव्या दिवशी पण व्यवस्थित. जानेवारीची कोरडी हवा होती म्हणून, हे पावसाळ्यात करून बघायची माझी हिंमत नाही. आणि नेताना कांदा-कोथिंबीर मिसळून देऊ का असं कुणी विचारलं तर नको म्हणायचं.

शेवटचा डबा काल संपला. पोरीनं आधीच सगळे शेंगदाणे वेचून खाल्ले होते, वर निरागसपणे म्हणते यात शेंगदाणे कमी घालतात का गं आई. तळाला तिखटाचा थर, कढीपत्त्याची पाच-सहा पानं आणि तीन लसणाच्या पाकळ्या होत्या, सालासकट. दोन मी खाल्ल्या. तिसरी नवऱ्याला दिली, तो साल काढत बसला.